खो-खोच्या पायांनी मारलेले गोल

मी फुटबॉलकडे वळले, ती दुसऱ्या एका मुलीला कांजिण्या झाल्या म्हणून.

अहमदपूरच्या शाळेत मी तेव्हा नववीत होते. गाव तिथून पाऊण तासावर. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत. घरी आबा, माय, माझ्याहून चार वर्षांनी मोठा दादा, दोन म्हशी आणि सोयाबीन-तुरीचं रान. मी खो-खो खेळायची. आमच्याकडं बहुतेक मुली खो-खोच खेळायच्या; दोन खांब रोवले की काम भागायचं. त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला मुलींचा फुटबॉल संघ पाठवायचं शाळेनं कबूल करून टाकलं होतं. कशाबशा अकरा मुली जमवल्या, आणि निघायच्या दोन दिवस आधी त्यातली एक अंगभर पुरळ घेऊन घरी बसली. पीटीचे सर खो-खोच्या मैदानावर आले आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"सर, मला फुटबॉल येत नाही," मी म्हणाले.

"त्या दहाजणींना तरी कुठं येतोय? तुला फक्त पळायचंय. बॉल सापडला की त्या जाळीकडं ढकल."

लातूरला पहिलाच सामना. मी बॉल पाच वेळा जाळीत घातला आणि त्यातले तीन गोल धरलेच नाहीत. रेषेवर उभा असलेला एक माणूस दर वेळी माझ्याकडं बघून झेंडा वर करायचा. तो कौतुक करून राहिला असं समजून मी दोनदा त्याला हात हलवून दाखवला. सामना संपल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं.

"अगं, खो मिळायच्या आधी उठलं तर फाऊल असतो ना?"

"हाव."

"मग तसंच हे. बॉल सुटायच्या आधी तू त्यांच्या शेवटच्या पोरीच्या पुढं जाऊन उभी राहिलीस, की ऑफसाइड."

पुढं मोठमोठ्या कोचांनी मला ऑफसाइड फळ्यावर रेघोट्या मारून समजावून सांगितलं, पण समजलं ते या दोन वाक्यांत. दुसऱ्या सामन्यात मी चार गोल मारले आणि चारही धरले. कांजिण्यांतून उठलेली मुलगी परत आली तेव्हा तिला बचावात उभं केलं. ती आजही भेटली की म्हणते, "माझ्या अंगावर फोड आले म्हणून तू विमानात बसलीस."

घरी विरोध वगैरे काही झाला नाही. आबा सगळ्या गोष्टींना हाव म्हणतात. खरा नकार फक्त माय देऊ शकते, आणि मायला फुटबॉलबद्दल एकच शंका होती.

"पडाय होतंय का गं लई?"

"होतं कधीकधी."

"मग गुडघ्याला लावाय तेल घेऊन जा."

बारावीनंतर मी नांदेडला कॉलेजात गेले. तिथं नदीकडच्या एका मैदानावर रोज संध्याकाळी पोरं खेळायची आणि त्यांना एक म्हातारे चाचा शिकवायचे. चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पाच वाजले की हात रॉकेलनं पुसून, दुकान भाच्यावर टाकून ते मैदानावर यायचे. मुलींचा संघ नव्हताच. मी जाऊन सरळ विचारलं, "मी पोरांत खेळू का?" चाचांनी माझ्या चपलांकडं बघितलं, म्हणाले, "पैले बूट ला." दुसऱ्या दिवशी मी बूट घेऊन गेले.

पोरं सुरुवातीला मला जपून खेळवायची. मी त्यातल्या दोघांना हूल देऊन बसवलं, तसं जपणं बंद झालं. हूल म्हणजे खो-खोतली. खांदा डावीकडं टाकायचा, डोळे पण डावीकडं न्यायचे आणि पाय उजवीकडं. लहानपणापासून तेच केलेलं होतं. पण गोलाच्या समोर गेले की माझं एक चुकायचं. गोलकीपर कुठं हाय, कोपरा कुठला मोकळा हाय, या पायानं मारू का त्या, असं करत राहायचे, आणि तोवर कुणीतरी येऊन बॉल घेऊन जायचं. चाचा रेषेवरून ओरडायचे:

"गोल के सामने सोचना नक्को, बेटा! सोचनेवाले पीछे खेलतें!"

मागं बचावात खेळणारी पोरं त्यावर रागवायची. पण ते वाक्य माझ्या पायात जाऊन बसलं. तीन वर्षांत मी विद्यापीठाकडून खेळले, मग राज्याकडून, आणि मग दक्षिणेतल्या एका क्लबानं मला घेतलं. तिथं सव्वीस सामन्यांत किती गोल मारले ते दादानं एका वहीत लिहून ठेवलंय. मला विचाराल तर मला फक्त हुकलेले आठवतात.

त्या क्लबात माझ्यासोबत एक परदेशी गोलकीपर होती. उंच, लाल गालांची, सरावात मी गोल मारला की स्वतःच टाळ्या वाजवणारी. ती आइसलंडची. एक हंगाम खेळून ती तिच्या गावी परत गेली, आणि पुढच्या जानेवारीत तिचा फोन आला. तिच्या गावच्या संघाला स्ट्रायकर पाहिजे होती. राहायला खोली, अर्धा दिवस पाळणाघरात काम, उरलेला अर्धा दिवस फुटबॉल. येशील का?

मी नकाशात शोधलं. आबांना दाखवलं. त्यांनी फोन लांब धरून बघितला. "हे तर कडेला हाय," ते म्हणाले. "पुढं काहीच न्हाई."

"पुढं बर्फ आहे, आबा."

"मग जपून खेळ. घसरायला होईल."

असं मी वयाच्या तेविसाव्या वर्षी, सोबत मायनं बांधून दिलेला काळा मसाला, आमटीचं येसर आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन, समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या एका चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या गावात जाऊन पोचले. गाव आमच्या गावापेक्षाही लहान. एक मासळीचा कारखाना, एक दुकान, एक शाळा, एक पोहायचा तलाव आणि एक फुटबॉलचं मैदान. मैदान मात्र असलं, की लातूरच्या कुठल्याही मैदानानं लाजावं. हिरवंगार, प्लास्टिकच्या गवताचं, आणि कायम ओलं.

माझा पहिला घोटाळा कोचशी झाला. कोच गावचा इलेक्ट्रिशियन. त्या देशात डॉक्टरला, मास्तरला, अगदी मंत्र्यालाही सरळ नावानं हाक मारतात. मला काही ते जमेना. ज्याच्या हातात शिट्टी आहे त्याला नावानं कशी हाक मारणार? मी आपली "सर" म्हणायची. बाकीच्या पोरींना ते इतकं आवडलं की आठवड्याभरात सगळा संघ त्याला "सर" म्हणायला लागला. मग पोरींच्या आया, मग दुकानातली बाई. एकदा मी आणि कोच रस्त्यानं चाललो होतो तर एक म्हातारा खिडकीतून ओरडला, "सर, आमच्या घरातला दिवा गेलाय!" कोचनं माझ्याकडं वळून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

दुसरा घोटाळा पोहायच्या तलावाचा. तिथं थंडीत, पावसात, उघड्यावर गरम पाण्याचे तलाव असतात आणि दर मंगळवारी आणि गुरुवारी सराव संपला की सगळा संघ तिथं जातो. पण पाण्यात उतरायच्या आधी सगळ्या बायकांनी एकत्रच अंघोळ करायची, आणि तीही अंगावर एक चिंधी न ठेवता. नियमच तसा, भिंतीवर चित्र काढून लावलेला. मी पहिले तीन आठवडे पोट दुखतंय म्हणून घरी गेले. चौथ्या आठवड्यात ती गोलकीपर दारात येऊन उभी राहिली. "तुझं पोट दर मंगळवारी आणि गुरुवारीच कसं दुखतं?" मग खरं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "तू डोळे मिटून घे. बाकीच्यांनाही डोळे मिटायला सांगते." आणि खरंच, मी आत गेले तर सतरा बायका भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून, डोक्याला साबण लावत उभ्या. त्यातल्या दोघी एकमेकींवर आदळल्या. मी इतकी हसले की लाज कुठं गेली ते कळलंच नाही.

हे सगळं गमतीचं होतं. मैदानावर मात्र गंमत नव्हती. पहिल्या सहा सामन्यांत माझा एकही गोल झाला नाही. एकही. आपल्याकडच्या टणक मातीत बॉल उसळतो आणि मंदावतो. तिथल्या ओल्या गवतावर तो माशासारखा सटकतो. मी जिथं पोचायचे तिथून तो दोन हात पुढं गेलेला असायचा, थेट समोरच्या गोलकीपरच्या हातात. हूल द्यावी तर त्या धिप्पाड पोरी फसायला जागच्या हलायलाच तयार नाहीत. नुसत्या दार लावल्यासारख्या उभ्या. गावातली माणसं पावसात गाड्या मैदानाच्या कडेनं लावून, काचा वर करून आतूनच सामना बघतात आणि आपला गोल झाला की हॉर्न वाजवतात. सहा सामने मी त्या गाड्यांना मुकं ठेवलं.

घरी मी सांगायची, "चांगलं चाललंय." पण सामने फोनवर दिसायचे. तिथं दुपारचे दोन म्हणजे आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात. दादा फोन टीव्हीला जोडायचा आणि घरची सगळी बसायची. एकदा माय म्हणाली, "तू त्या पोरींच्या मागं मागं कामून पळून राहिलीस?"

"मागं नाही गं, बॉल पुढं जातोय."

"मग आधी उठाय नगं का?"

तिला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. ती आपली दिसलं ते बोलली. पण मी फोन ठेवला आणि बसून राहिले. आधी उठायचं. उठायचं म्हणजे आधी बसलेलं पाहिजे. खो-खोत आठ गडी ओळीनं बसतात, एकाचं तोंड इकडं, एकाचं तिकडं, अगदी गप्प. पाठीवर थाप पडून "खो" ऐकू आलं की त्याच क्षणी झेप. तिथं कुणी पळत पळत वाट बघत नाही. मी मात्र इथं बॉल सुटायच्या आधीपासून धावत होते, सगळ्यांना दाखवत होते मी कुठं जाणार ते.

आमच्या संघात मधल्या फळीत खेळणारी एक नर्स होती. बॉल नेमका टाकायची. दुसऱ्या दिवशी सरावाच्या आधी मी तिला मैदानाच्या कडेला बसवून खो-खो समजावला. काड्या मांडल्या, स्वतः उकिडवी बसले, उठून दाखवलं. मग म्हणाले, "मी त्यांच्या पोरीच्या शेजारी तुझ्याकडं पाठ करून गप्प उभी राहीन. बॉल तुझ्या पायातून सुटला की तू खो म्हण. मी वळून बघणार नाही, तशीच निघणार."

"आणि मी चुकीच्या बाजूला टाकला तर?"

"तर लोक हसतील."

दोन दिवस लोक हसलेच. तिसऱ्या दिवशी जमायला लागलं. शनिवारच्या सामन्यात, विसाव्या मिनिटाला, मी खांबासारखी उभी होते. माझ्यावर नजर ठेवून असलेली पोरगी कंटाळून केस बांधत होती. मागून नर्सचा आवाज आला, "खो!" मी निघाले. बॉल बरोबर माझ्या पायापाशी आला आणि मी काही विचार न करता मारला. मग जे हॉर्न वाजले, मला वाटलं गावात काही अपघात झाला. दुसऱ्या अर्ध्यात आणखी एक. सामना संपल्यावर रेफरी नर्सकडं आली आणि तिनं विचारलं, हे तू काय ओरडत असतेस? नर्सनं मला विचारलं. मी सांगितलं, "म्हणजे, जा." रेफरीनं नियमाचं पुस्तक मनातल्या मनात चाळलं असावं. मग खांदे उडवून ती निघून गेली.

त्या हंगामाच्या उरलेल्या सामन्यांत बहुतेक प्रत्येकात माझा एक तरी गोल होता. पुढच्या वर्षी आमच्या गटात सगळ्यांत जास्त गोल माझे. त्याच्या पुढच्या वर्षीही. आम्ही एक पायरी वरच्या गटात गेलो. मी सप्टेंबरअखेर गावी यायची, तुरी निघेपर्यंत घरी राहायची, नांदेडला जाऊन चाचांच्या पोरांबरोबर पाय मोकळे करायची आणि एप्रिलमध्ये परत जायची. त्या गावात मी बॉल मिळायच्या जागी गेले की गाड्यांच्या काचा खाली व्हायच्या आणि आतून म्हातारी माणसं पण ओरडायची, "खो!" त्यामुळं एकदोनदा मी चुकून भलत्याच वेळी निघाले आणि ऑफसाइड झाले. मग कोचनं क्लबच्या फलकावर विनंती लावली की प्रेक्षकांनी खो म्हणू नये.

त्यांच्याकडं एक दह्याचा प्रकार मिळतो, अगदी आपला चक्का. त्याचं मी वेलची घालून श्रीखंड केलं, तर संघानं पातेलं चाटून ठेवलं. पुढं प्रत्येक जिंकलेल्या सामन्यानंतर ते करणं माझ्याकडंच आलं. हरल्यावर नाही, तो नियम गोलकीपरनं केला.

चौथ्या हंगामात माझा गुडघा दुखावला आणि त्याच वर्षी गावातली एक सोळा वर्षांची पोरगी मोठ्या संघात आली. बोटीच्या कप्तानाची मुलगी. माझ्यापेक्षा वेगवान, दोन्ही पायांनी मारणारी. मी दीड महिना बाहेर बसले तेवढ्यात तिनं माझी जागा घेतली. खरं सांगते, मला ती मुळीच आवडली नाही. पंधरा दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. तिनं वाईट वागायला पाहिजे होतं म्हणजे सोपं गेलं असतं, पण ती रोज सरावाच्या आधी येऊन विचारायची, "गुडघा कसा आहे?" आणि श्रीखंड करताना वेलची सोलत बसायची. एक दिवस वेलची सोलता सोलता तिनं विचारलं, "पाठ करून उभी राहतेस तेव्हा तुला भीती नाही वाटत, बॉल येणारच नाही म्हणून?"

"वाटते," मी म्हणाले. "पण बघायला वळलीस तर उशीर होतो."

दुसऱ्या दिवसापासून मी तिला ते शिकवायला लागले. शिकवताना राग धरून ठेवता येत नाही, निदान मला तरी जमलं नाही.

पाचव्या हंगामाच्या सुरुवातीलाच मी ठरवलं होतं की हा शेवटचा. बदली म्हणून उतरायचे, वीस-पंचवीस मिनिटं. मनात एकच होतं, मायला एकदा हे गाव दाखवायचं. आबा म्हशी सोडून यायला तयार नव्हते. माय म्हणाली, "म्या येते."

ती एकटी कशी येणार म्हणून दादानं तिच्या तिकिटावर व्हीलचेअर मागून घेतली, म्हणजे विमानतळावर कुणीतरी ढकलत या विमानातून त्या विमानात नेऊन बसवतं. हैदराबादला दादा आत जाऊ शकला नाही. माय मात्र खुर्चीत बसायला तयार होईना. "धडधाकट बाई मी. दुसऱ्याच्या लेकराला ढकलाय लावू?" शेवटी तिनं खुर्चीत स्वतःची पिशवी बसवली आणि खुर्ची ढकलणाऱ्याच्या शेजारून चालत गेली. चार विमानतळांवर तिनं हेच केलं. मी तिला घ्यायला गेले तर पुढून खुर्चीत पिशवी आली आणि मागून लुगड्यावर दादाचं जर्किन घातलेली माय.

आल्या आल्या तिला पाळणाघर बघायचं होतं. तिथं तान्ही लेकरं दुपारी बाबागाड्यांत घालून बाहेर अंगणात झोपवतात, थंडी असली तरी. हे मी तिला पूर्वी फोनवर सांगितलं होतं आणि तिनं मला झापलं होतं: "लेकरं भाईर झोपवतेत? त्या बायांना काळीज हाय का न्हाई?" आता तिनं ते डोळ्यांनी बघितलं. सहा बाबागाड्या ओळीत, आत लोकरीत गुंडाळलेली लेकरं. माझ्या सोबतच्या बाईनं समजावलं की असं झोपल्यानं लेकरं निरोगी राहतात. माय ऐकून घेऊन म्हणाली, "असतील." आणि अंगणात एक स्टूल मागवून बसली. राहिली तितके दिवस ती रोज दुपारी तिथं राखण करायची. वारा आला की उठून सहाही गाड्यांची पांघरुणं चाचपायची. लेकरांच्या आयांना ती इतकी आवडली की निरोपाला त्यांनी तिला लोकरीचा स्वेटर विणून दिला.

तिच्या मुक्कामात एकच सामना आमच्या गावात होता. नेमका त्या दिवशी आडवा पाऊस. मायला मी दुकानातल्या बाईच्या गाडीत बसवलं आणि नीट सांगून ठेवलं, "निळे शर्ट आमचे. मी शेवटी शेवटी येईन. एकोणीस नंबर." नऊ नंबर मी त्या कप्तानाच्या मुलीला देऊन टाकला होता. माय म्हणाली, "तुला वळखायला नंबर लागतोय व्हय?"

सत्तराव्या मिनिटाला कोचनं मला उतरवलं. एक-एक बरोबरी होती. दहा मिनिटं मला बॉलच मिळाला नाही. मग कोपऱ्यावरून बॉल आला, गर्दीत तिघीचौघींना लागला, त्या सोळा वर्षांच्या, आता सतरा वर्षांच्या, पोरीनं टाच लावून माझ्याकडं ढकलला, आणि तो माझ्या दुखऱ्या गुडघ्याला लागून आत गेला. असला कुरूप गोल मी आयुष्यात दुसरा मारला नाही. पण गाड्या वाजल्या. पोरी अंगावर पडल्या. मी त्या ढिगातून मान वर काढून मायच्या गाडीकडं बघितलं. काचा धुरकटलेल्या. आत काही हालचाल नाही.

घडलं होतं ते असं. दुकानातली बाई गाडीत बसून विणत होती, आणि माय जन्मभर वाकळ शिवणारी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाईनं टाका घालून दाखवला, मायनं सुया हातात घेतल्या, आणि दोघी खाली माना घालून बसल्या. शेजारच्या गाड्यांचे हॉर्न ऐकून मायनं दचकून विचारलं, "काय झालं?" बाईनं काच पुसून बघितलं आणि मैदानाकडं बोट करून, दोन्ही हात वर करून तिला समजावलं. मायला कळलं. तिनं हात लांब करून बाईच्या पुढ्यातला हॉर्न दाबला आणि सोडलाच नाही. बाकीच्या गाड्या गप्प झाल्या, सामना पुन्हा सुरू झाला, समोरच्या संघानं बॉल पुढं आणला, तरी तो एक हॉर्न वाजतच होता. रेफरीनं शिट्टी मारून खेळ थांबवला आणि त्या गाडीकडं बघितलं. मी मैदानातूनच हात हलवून ओरडले, "माय! बस झालं!"

सामना आम्ही जिंकलो. कपडे बदलून येतेय तोवर आबांचा फोन.

"गुडघ्याला लागला का गं?"

"हाव. पण गोल झाला."

"बघितला ना मी. दादानं तीनदा दाखवला. तुझ्या मायला दे."

मायनं फोन घेतला. आबा इतक्या मोठ्यानं बोलत होते की सगळं मला ऐकू येत होतं. "इतक्या लांब इमानात बसून गेलीस आन् तुला दिसला न्हाई? मला हितं म्हशीजवळ बसून दिसला!"

"तुम्हाला दिसला, पर हॉर्न कुणी वाजवला?" माय म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

त्या संध्याकाळच्या श्रीखंडात मायनं जायफळ घातलं. पोरींनी मत दिलं की पाच वर्षं मी त्यांना चुकीचं श्रीखंड खाऊ घातलं.

आता मी लातूरला असते. एका शाळेच्या मैदानावर सकाळी सहाला मुलींना शिकवते. सोळा मुली आहेत, बूट अकराजणींकडं आहेत, त्यामुळं बदली खेळाडू उतरवायचा म्हणजे आधी बूट उतरवायचे. महिन्यातून एखाद्या रविवारी नांदेडला जाते. चाचा आता खुर्चीत बसून ओरडतात, पण ओरडतात तेच. माय गावात आइसलंडबद्दल पुष्कळ सांगते. त्यात फुटबॉल फारसा नसतो. लेकरं, लोकर आणि तिथल्या गलेलठ्ठ मेंढ्या, एवढंच. तिचा स्वेटर पौषातल्या थंडीत चार दिवस अंगावर चढतो.

परवा सरावाला एक आई आली. मुलगी सातवीतली, पायानं चपळ. आई बराच वेळ कडेला उभी राहून बघत होती. मग माझ्याजवळ येऊन तिनं विचारलं, "मॅडम, ह्याच्यात पोरगी कुठवर जाईल?"

"आधी उदगीरपर्यंत जाऊ," मी म्हणाले. "शनिवारी मॅच हाय. डबा जरा जास्त द्या."